पात्रता

सेतू केंद्रातल्या प्रिंटरमधून चार पानं निघाली,
पानाला पाच रुपये,
चौथ्यावर शाई संपत आलेली.
एम.ए. इतिहास, विशेष विषय आफ्रिका.
रेहाननं वाचलं, मग माझ्याकडं पाहिलं.
"आफ्रिका? तिकडं कायले? इथं अकोट नाही का?"
मी वीसची नोट ठेवली.

पदवीला पंचावन्न टक्के. आहेत, छप्पनला थोडे कमी.
इतिहासाचे निदान सहा पेपर. आहेत.
त्या सहांत मिळून आफ्रिका दीड पान,
तेही परीक्षेला येत नाही म्हणून
सरांनी दुमडून ठेवायला लावलेलं.
घडी मी उघडली एकदा,
पुस्तक तेव्हापासून तिथंच उघडतं.

एक आफ्रिकी भाषा, दोन सत्रं.
स्वाहिली शिकते रात्री, गच्चीच्या कोपऱ्यात,
जिथं रेंजच्या दोन काड्या येतात.
दुकान म्हणजे दुका. गाडी म्हणजे गारी.
रंगाला रंगी, बातमीला हबारी, वेळेला वकाती.
आई खालून ओरडते,
"कोनासंग बोलून रायली वो एवढ्या राती?"
काय सांगू.
हे शब्द कोणाच्या घरचे,
कोण कोणाकडं पाहुणा गेला
आणि तिथंच राहिला.

बाबांना म्हटलं, ज्वारी मूळची तिकडची आहे.
त्यांनी ताटातल्या भाकरीकडं पाहिलं
बराच वेळ.
मग मोडली.

पान चार. अक्षरं फिकट, अंदाजानं वाचते.
प्रबंध, पंधरा हजार शब्द,
मूळ साधनांवर आधारित,
साधनं अर्जदारानं स्वतः शोधलेली असावीत.

नाल्यापलीकडं चुन्याचा एक चौथरा आहे.
नाव नाही, तारीख नाही, हिरवी चादर आहे.
शेजारी सरकारी हापशी, बहात्तरच्या दुष्काळातली,
म्हणून तो हापशीबाबा.
नवस बोलायचा, बादली भरायची, एकाच खेपेत.
मीही म्हणत आले, हापशीबाबा, हापशीबाबा,
विसाव्या वर्षापर्यंत.

जैतूनबी गुरुवारी तिथं तेल घालते.
मी विचारलं, हापशी बसायच्या आधी
बाबाचं नाव काय होतं?
वात सारत ती म्हणाली,
"हापशीबाबाच. माह्या सासूच्या सासूपासून."
"पण तवा हापशी कुठं होती, बी?"
"नव्हती. हीर होती."
तेलाची बोटं केसांना पुसली
आणि बकरी हाकत निघून गेली.

मी दांडा धरून उभी.
हापशी. हपशी.
हबशी.

पहिले दहा-बारा हापसे कोरडेच जातात,
आत नुसती हवा खोकते, हे गावात सगळ्यांना माहीत आहे.
विकत आणला होता त्याला, की घोड्यावर बसून आला,
किल्ल्यावर लढला, की हिशेब लिहीत बसला,
की वाटेत तापानं गेला आणि कोणी माती दिली,
त्याची आई त्याला कोणत्या भाषेत हाक मारायची,
मला माहीत नाही.
प्रबंधाचं पहिलं वाक्य
"मला माहीत नाही" असं चालतं का,
ते पान चारवर दिलेलं नाही.

शिफारसपत्रं दोन.
एक सर देतील, आढेवेढे घेऊन.
दुसऱ्यावर मला जैतूनबीचा अंगठा हवा होता,
पण लेटरहेड आवश्यक आहे.

अर्जदाराचं पूर्ण नाव :
यशोधरा देविदास तायडे.
कायमचा पत्ता : लिहिला.
सगळ्यात खाली, शाई पार संपते तिथं,
आफ्रिकेशी पूर्वसंबंध, असल्यास. एक ओळ.

पेन झटकलं. लिहिलं,
रोज सकाळी सहाला, दोन बादल्या.